विहिरीकडच्या झाडाच्या बिया

नोराशेन, ८ जुलै

प्रिय अरुस्याक जान,

तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालतो. माझा गुडघा आहे तसाच आहे. कोंबड्या ठीक, तांबडी खुडूक बसलीय. हे पत्र मिनीबसवाल्या गागिककडे देतोय, सोबत जर्दाळूच्या दोन पेट्या आहेत. खालच्या थरातले आधी संपवा, ते जास्त पिकलेत. गागिक गाडी उन्हात उभी करतो. मी त्याला तीनदा बजावलंय, तरी तो करणारच.

पत्र लिहायची मला सवय नाही. सहावीत शाळा सुटली, आणि लग्नाच्या पंचेचाळीस वर्षांत तुला लिहायची वेळच आली नाही. फोन दोनदा केला होता. दोन्ही वेळा मुशेगच्या बायकोनंच उचलला. "हॅलो, कोण बोलतंय?" मी ठेवून दिला. आवाज चांगला आहे तिचा.

असो. यंदा झाडं वेड्यासारखी लगडलीत. तीन वर्षं मोहोर दंवानं जळाला, त्याचं सगळं उट्टं यंदा निघालं. व्यापाऱ्याचा ट्रक भरून गेला तरी घरात पाय ठेवायला जागा नाही. न्हाणीत जर्दाळू, पलंगाखाली जर्दाळू, तुझ्या शिवणयंत्रावरही. द्यायचे तरी कोणाला? परवा बादली भरून शेजारच्या सिरानुशकडे निघालो, तर ती बादली घेऊन आपल्याच फाटकात उभी. "काका, मागे फिरा! नाहीतर हीसुद्धा तुमच्या अंगणात ओतून पळून जाईन."

छपरावर अर्ध्या फोडी वाळत घातल्या. बारा मोठ्या बरण्या पाकात घालून बंद केल्या. गराची पोळी वाळायला थापली ती कापडाला अशी चिकटली की कापडासकट कोंबड्यांना टाकली. तू गरात पीठ मिसळायचीस का? मी स्वयंपाकघरात जेवायलाच बसलो, बघितलं कधी नाही. सगळीकडे माश्या आहेत, आणि काय कुजतंय, काय टिकतंय, या काळजीनं झोप लागत नाही.

राहिला मुरांबा. तुझ्यासारखाच करायचं ठरवलं. आठळी काढायची, फोडायची आणि आतली बी परत फळात बसवायची. पण आठळ्या फोडताना घोटाळा झाला. विहिरीकडच्या झाडाच्या बिया आणि बाकीच्या, सगळ्या एकाच घमेल्यात पडल्या. मला घाम फुटला. विहिरीकडची बी कडू, विषारी, ती टाकून द्यायची, हे मी बावीस वर्षं सांगत आलोय. आपल्या पोरानं, मुशेगनं, बारा वर्षांचा असताना मला न विचारता त्या झाडावर कलम केलं, तेव्हापासून.

फेकून द्यायचा जीव होईना. मग सुरी घेऊन बसलो. प्रत्येक बीच्या टोकाचा कण काढायचा, जिभेवर ठेवायचा, कडू लागला तर थुंकायचा. दोन दिवस हेच करत होतो. एकही कडू निघाली नाही. मला वाटलं, आपली चवच गेली, आता हेही दुखणं आलं. सिरानुशला हाक मारली.

तिनं चार-पाच चाखल्या. "गोड आहेत की."

"विहिरीकडच्या कडू असतात," मी म्हणालो.

ती इतकी हसली की पेटीवर बसली आणि खालचे जर्दाळू चिरडले. "अहो काका, मग इतकी वर्षं खाताय ते काय? काकू दरवर्षी त्याच बिया घालतात. 'त्यांना बोलू दे, तोंड त्यांचं, पातेलं माझं,' असं म्हणायच्या. तुम्ही कधी चाखून बघितली होती का?"

ती गेल्यावर तुझा फार राग आला. नंतर तो उतरला आणि भीती वाटायला लागली.

कारण मुशेगच्या बायकोच्या बाबतीतही तुला तसंच करता आलं असतं. मागच्या दारानं घरात आणायची, महिनाभर मला बडबडू द्यायचं. मी बडबडत जेवलो असतो. पण या खेपेला तू काहीच लपवलं नाहीस. पिशवी भरलीस आणि सरळ मुशेगच्या गाडीत जाऊन बसलीस.

मी सगळ्यांना सांगतो की मुशेग तिला आणि तिच्या पोरीला घेऊन आला त्या दिवशी दंवाची धास्ती होती, मोहोर वाचवायला टायर जाळून जाळून डोळे सुजले होते, डोकं ठिकाणावर नव्हतं. ते खरं नाही. त्या दिवशी दंव पडलंच नाही. मी फाटकाला कडी घातली ती शेजारी बघत होते म्हणून. आणि ती पहिल्या नवऱ्याला सोडून आलेली म्हणून. तिच्याशी मी एक शब्द बोललेलो नव्हतो.

पोरीनं दोन्ही हातांनी डबा धरला होता. गजांमधून म्हणाली, "आजोबा, केकला चकाकी यायला वरून अंडं मी लावलंय." मी म्हणालो, "मी कोणाचा आजोबा नाही."

तू विहिरीपाशी होतीस, तुला ऐकू गेलं नसेल असं मी इतके दिवस धरून चाललो. गेलं होतं ना?

मुरांब्याच्या आठ बरण्या झाल्या. पाक जास्त शिजलाय, थोडा करपट वास येतो. एक बरणी पेटीत ठेवलीय, माझ्या जुन्या स्वेटरात गुंडाळून. ती पोरीला दे. तिचं नाव मला ठाऊक नाही. कोणी सांगितलं नाही असं लिहिणार होतो, पण मी विचारलंच नाही.

विहिरीकडच्या झाडाच्या खालच्या फांद्यांवरचे जर्दाळू उतरवले, शेंड्याकडचे अजून झाडावरच आहेत. मला शिडी चढवत नाही. आठ दिवस टिकतील, वारा सुटला तर तेवढेही नाहीत. मुशेग चढेल, पोरीनं खाली चादर धरावी. तिच्या आईला यायचं असेल तर... यावं. मला तिच्याशी नीट बोलता येईल का माहीत नाही, पण मी फाटकातच उभा असेन.

गागिक शुक्रवारी परततो. रिकाम्या पेट्या नुसत्या पाठवू नकोस. गाडीतून फक्त पेट्याच उतरल्या तर काय समजायचं ते मी समजेन.

फाटकाची कडी स्क्रू काढून बाजूला ठेवलीय. आता ते वाऱ्यानं दिवसभर आपटतं.

तुझा,
हमायाक

पोरीनं विचारलं, पत्र कोणाचं, तर आजोबांचं म्हणून सांग.