पेठेची दुपारची पाळी

श्री

लिहून ठेवणार: सुभद्राबाई भ्रतार ज्योतीराम रासने, वय अंदाजे अठ्ठावन्न, धंदा बांगड्यांचे दुकान, राहणार चाकण, तालुका खेड, जिल्हा पुणे.

माझी बुद्धी ठिकाणावर आहे, नजर शाबूत आहे आणि कुणी मला धाक घातलेला नाही. या पेठेत धाक घालणारे माणूस एकच, ते म्हणजे मी, असे आमच्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष मारुतराव कापडवाले म्हणतात. हल्ली छातीत कळ येते, म्हणून वेळेवर लिहिते. अक्षर माझेच आहे. यजमानांनी मला बांगड्यांच्या खोक्यांवरची नावे गिरवून अक्षरे शिकवली. वकिलाकडून लिहून घ्या असे सांगणारे भेटले, पण वकिलाला मी स्वप्न कसे सांगणार? या कागदात एक स्वप्न आहे आणि ते गाळले तर बाकीचे समजणार नाही.

कलम पहिले. दुकानातला माल.

माझ्यामागे ज्या काचेच्या बांगड्या राहतील त्या विकू नयेत. चैत्रात पेठेचे हळदीकुंकू होते, त्या दिवशी येईल त्या बाईच्या हातात भराव्यात. हिरव्या, तांबड्या, मोरपंखी, जिला जी आवडेल ती. एखादी विधवा आली आणि तिने हात पुढे केला, तर तिच्याही भराव्यात. कुणी नाक मुरडले तर सांगावे की सुभद्राबाईने लिहून ठेवले आहे. एकवीस वर्षे मी दुसऱ्यांच्या हातात बांगड्या भरल्या. दुपार कलली की ऊन दारातून आत येई आणि टांगलेल्या माळांतून माझ्या उघड्या मनगटांवर हिरवे, तांबडे कवडसे पडत. ऊन सरकेपर्यंत मी हात हलवत नसे. एवढे लेणे मला कुणी मना केले नव्हते.

कलम दुसरे. पुतणे अर्जुनराव.

यजमानांचे पुतणे पुण्यास असतात. दिवाळीला येतात, पाया पडतात आणि जाताना दुकान पावलांनी मोजतात. मला दिसत नाही असे त्यांना वाटते. त्यांना यजमानांची छत्री आणि भिंतीवरचा आरसा द्यावा. छत्री चांगली आहे. राग नाही, पण यजमानांच्या वेळी दुकान भाड्याचे होते, जागा मी पुढे माझ्या कमाईतून घेतली, खरेदीखत पेटीत आहे, आणि त्यावर त्यांचा हक्क पोचत नाही.

कलम तिसरे. दुकानाची जागा.

हे कलम मी एकदा लिहून खोडले आहे. खोडलेले वाचता येते, ते येऊ द्यावे. तिथे लिहिले होते की दुकान उद्धवराव यांना द्यावे. ते का लिहिले आणि का खोडले हे सांगण्यासाठीच मी हा कागद लिहायला बसले.

आमची पेठ दुपारी झोपते. परक्या माणसाला हे खरे वाटत नाही. साडेबाराला दुकानांना फळ्या लावत नाहीत, कुलपे लावत नाहीत, नुसती चादर नाहीतर धोतर आडवे बांधून सगळे घरी जेवायला आणि आडवे व्हायला जातात. साडेतीनपर्यंत पेठेत चिटपाखरू नसते. चौकातल्या लिंबाखाली मात्र एक दुकानदार सगळ्यांसाठी जागा असतो. मंडळ बाकीही पुष्कळ करते. बाजाराच्या दिवशी पाणपोई असते, गणपती असतो, दसऱ्याला चौकात एकमेकांना सोने देतो. पण मंडळ उभे आहे ते या पाळीवर. रोज दोन पाळ्या, आणि दोनची नाशिक मोटार गेली की पाळी बदलायची. मंडळाची एक पितळी शिट्टी आहे. चोर, धूर, सुटलेला बैल, काही दिसले की ती वाजवायची. शिट्टी हातातून हातात द्यायची, ठेवून उठायचे नाही. ती ज्याच्या हातात, त्या वेळी पेठ त्याच्या जबाबदारीवर. नियम एवढाच.

यजमान गेले तेव्हा दुकान माझ्याकडे आले, पाळी मात्र आली नाही. मी मंडळात उभी राहून मागितली. मारुतराव म्हणाले, “बाईमानसानं चौकात एकटं बसायचं म्हंजे काय? आन् डोळा लागला तर?”

मी म्हटले, “तुमच्या डोळ्याला काय राखण ठेवलीय?”

लोक हसले, पण पाळी दिली नाही. बरीच वर्षे मी दर बैठकीत तेच तुणतुणे वाजवले. शेवटी कंटाळून त्यांनी मला गुरुवारची पहिली पाळी दिली. मी धुतलेले लुगडे नेसून लिंबाखाली जाऊन बसले. चादरी वाऱ्याने फुगत होत्या आणि परत बसत होत्या, पेठ झोपेत श्वास घेत होती. इतकी माणसे माझ्या भरवशावर झोपली आहेत, हे मनात येऊन मला रडू फुटले. तसे सुख मला पुन्हा कशात मिळाले नाही.

गुरुवारची दुसरी पाळी उद्धवरावांची होती. ते मराठवाड्यातले, रझाकारांच्या गडबडीत बायको आणि मुलगी घेऊन इकडे आले. गूळ-शेंगदाण्यांचे लहानसे दुकान होते. गावाकडे त्यांनी आठ महिने वेशीवर जागून गाव राखले होते. अभिमान त्यांना तेवढ्याच गोष्टीचा होता.

एकोणीसशे बावन्न सालच्या वैशाखात, एका गुरुवारी, माझ्या पाळीत मला झोप लागली.

स्वप्नात पेठ पाण्यावर होती. आमच्या भामा नदीला गावात यायची परवानगी मिळाली होती म्हणे, आणि दुकाने होड्या होऊन हळूहळू चालली होती. कुणाला घाई नव्हती. यजमान खांद्यावर बांगड्यांच्या माळा घेऊन पाण्यावरून चालत आले आणि म्हणाले, “हात दे.” मी दिला. ते एकेक बांगडी भरू लागले आणि मनगटावर मावेना तरी भरतच राहिले. कुठेतरी ऊद जळत होता. मग लांबून एक पाखरू ओरडू लागले. ते थांबेना, तेव्हा मी डोळे उघडले. पाखरू नव्हते, आपली शिट्टी होती. माझा हात रिकामा होता. उद्धवराव चौकात उभे राहून शिट्टी फुंकत होते आणि रंगराव शिंप्याचे दुकान पेटले होते.

माणूस कुणी गेले नाही, देवाची कृपा. सगळी पेठ धावली. मीही बादल्या आणल्या. पण रंगरावांचे यंत्र गेले आणि लग्नसराईचे शिवलेले, न शिवलेले सगळे कपडे गेले. आग विझल्यावर मारुतराव ओरडले, “शिट्टी कुनाच्या हातात व्हती?”

सगळ्यांनी उद्धवरावांच्या हाताकडे पाहिले. नाशिकची मोटार त्या दिवशी उशिरा आली होती की आधीच गेली होती, कुणाला सांगता येईना. उद्धवरावांनी माझ्याकडे एकदा पाहिले. मग म्हणाले, “माझ्याच हातात हाय.”

मी बोलले नाही. बोलले असते तर पुन्हा कुठल्या बाईला पाळी मिळाली नसती, असे मी स्वतःला सांगितले. ते खरेच होते. पण त्याहून खरे हे की मला लाज वाटली आणि माझा गुरुवार मला सोडायचा नव्हता.

त्यांचे नाव पाळीतून काढले. झोपाळू म्हणू लागले. येणारे-जाणारे त्यांच्या दुकानासमोर घोरण्याचे सोंग करत. वर्षभरात ते दुकान बंद करून पिंपरीकडे निघून गेले. मी माझी पाळी पुढे सहा वर्षे एकही न चुकवता केली. मारुतराव भर बैठकीत म्हणू लागले, “पाळी करावी तर सुभद्राबाईनं.” दर वेळी मी मान खाली घालत असे. लोकांना तो विनय वाटे. परवाच्या पाडव्याला मंडळाने पाळीची नवी पाटी रंगवून घेतली आणि सगळ्यांत वर माझे नाव घातले. ती पाटी पाहून मी घरी आले आणि दुकान उद्धवरावांच्या नावाने लिहिले.

गेल्या रविवारी मी मोटारीने पिंपरीला गेले आणि विचारत विचारत काळेवाडीला पोचले. उद्धवराव आता औषधाच्या कारखान्यात बाटल्या भरण्याच्या खात्यात आहेत. त्यांनी मला ओळखले, पण बसा म्हणाले नाहीत. पाणी त्यांच्या बायकोने दिले. मी उभ्यानेच सगळे सांगितले. ते म्हणाले, “मला काय सांगता? मी तिथंच व्हतो की.”

“मग मला उठवले का नाही?”

“तुमी झोपंत हसत व्हता, बाई. तुमाला तसं हसताना मी कदी बघितलं नव्हतं. उठवावं का नगं, असं मनात म्हणस्तवर धूर दिसला. मग शिट्टी वढून घेतली.”

“आणि नंतर? तेव्हा का नाही बोललात?”

“तुमी बोलाल म्हणून वाट बघितली,” ते म्हणाले. “वरीसभर बघितली. मग सोडून दिली.”

 मी म्हटले की माझे दुकान तुमच्या नावाने लिहून ठेवले आहे, मी गेल्यावर कागद चौकात वाचतील आणि सगळ्यांना कळेल. तेव्हा मात्र ते चिडले. “तुमी गेल्यावर? म्हंजी तुमी मोकळ्या, आन् मी तवर झोपाळूच? दुकान नगं मला. माझी पाळी द्या.”

घरी येऊन मी कलम खोडले. आता कलम असे:

दुकानाची जागा माझ्यामागे पेठेच्या व्यापारी मंडळाला द्यावी. पाणपोईचे रांजण, आगीच्या बादल्या, गणपतीचे आणि हळदीकुंकवाचे सामान तिथे ठेवावे. वैशाखात पाळीवरच्या माणसाने लिंबाखाली न बसता दुकानाच्या ओट्यावर, सावलीत बसावे. जो दुकानदार आहे त्याला पाळी आहे, बाई असो वा बुवा, हे मंडळाने मान्य केले तरच ही देणगी, नाहीतर नाही. उद्धवराव यांचे दुकान पेठेत नसले तरी त्यांना हवी तितकी वर्षे रविवारची पाळी असेल, कारण रविवारी त्यांना कारखान्याची सुट्टी असते. आणि हा कागद मी जिवंत असताना, माझ्या तोंडाने वाचला जाईल.

आज सकाळी साक्षीसाठी मी मारुतराव आणि रंगराव यांना दुकानात बोलावले. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये म्हणतात, म्हणून दोघांना काही ठेवलेले नाही, ऐकण्याचा त्रास तेवढा दिला. वरचे सगळे वाचून दाखवले. त्यानंतर जे झाले तेही लिहिते, कारण सह्या अजून व्हायच्या आहेत.

 मारुतराव म्हणाले, “मी म्हनलो व्हतो का न्हाई? बाईमानसाला पाळी नगं म्हनून?” सहा वर्षे मी ज्या वाक्याला भ्याले ते हेच. ऐकल्यावर वाटले, एवढेच होते होय!

पण रंगराव बोलले. ज्यांचे दुकान जळले तेच. “मारुतराव, तुमी त्या साली दोनदा घोरत व्हता लिंबाखाली. मी बघितलंय. आन् इस्त्रीत निखारा तसाच ठिवून जेवायला मी गेलतो. हे मी तरी कुटं सांगितलं? समदे उद्धवरावावर तुटून पडले, मला बरंच झालं.” एवढे बोलून त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ते रडले. मारुतराव उठले, पान थुंकून आले आणि म्हणाले, “कलम मान्य हाय. सही कुटं करू?”

मी म्हटले, थोडे थांबा. उद्धवरावांना निरोप कालच गेला होता. ते अकराच्या मोटारीने आले, धुतलेले धोतर नेसून. चौकात दुकानदार जमले होते, त्यांच्यापुढे मी हा कागद पुन्हा वाचला. घोरण्याची सोंगे करणारे खाली बघत होते. माफी कुणाला नीट मागता आली नाही, मलाही नाही. मग मारुतरावांनी शिट्टी आणली आणि पहिली पाळी उद्धवरावांच्या हातात दिली.

आता साडेबारा होऊन गेले आहेत. चादरी आडव्या झाल्या. हे दोघे सह्यांसाठी खोळंबले आहेत, त्यांना भुका लागल्या आहेत, म्हणून आटोपते. बाहेर उद्धवराव बसले आहेत, पाठ ताठ, तोंड रस्त्याकडे. त्या गुरुवारनंतर मी दुपारी डोळा मिटलेला नाही, पाळी असो नसो, घरी असो की दुकानात. आज सह्या झाल्या की इथेच ओट्यावर जरा पडणार आहे. कुणी मला उठवू नये.

सही: सुभद्राबाई भ्र. ज्योतीराम रासने, दस्तुर खुद्द

आम्हा दोघांदेखत सुभद्राबाईंनी वाचून, समजून, राजीखुशीने सही केली. आम्ही त्यांच्यादेखत साक्ष घातली.

साक्ष: १. मारुतराव, कापडाचे दुकान, चाकण
२. रंगराव, शिंपीकाम, चाकण

ठिकाण: पेठ, चाकण
रविवार, तारीख १३ एप्रिल १९५८