पोटातले चाळीस मिलिमीटर

आदरणीय विहीणबाईंना सादर नमस्कार.

आपला गुडघा आता जिना चढू देत असेल, अशी आशा आहे. आमच्याकडे सगळे ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. विषय जरा शौचाचा आहे, तेव्हा पत्र जेवणानंतर वाचावं (किंवा बरंच आधी).

आपल्या नातीचं बद्धकोष्ठ आपल्याला ठाऊक आहेच. डॉक्टरांनी पाण्यातून घ्यायची पावडर दिली आणि दर दोन महिन्यांनी सोनोग्राफी करून आतड्याचं शेवटचं टोक किती फुगलंय ते मोजायचं ठरलं. बेचाळीस मिलिमीटरचं एकतीसवर आलं. पोर रोज सकाळी गाऊ लागली (तिथे बसून ती गाते). पावडर द्यायचं काम माझ्याकडे. मी जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. चालत्या घड्याळाला हात लावायचा नाही, हे माझं तत्त्व. मी पावडर परस्पर बंद केली आणि फ्रिजवरच्या तक्त्यात मात्र रोज बरोबरची खूण करत राहिलो. (सुरेख खुणा. एकसारख्या.)

तीन आठवड्यांत तिचं पोट दुखायला लागलं. मी म्हटलं, नाटकं आहेत. मग एक दिवस वर्गातच चड्डी खराब झाली. तिला घरी आणताना भर रस्त्यात मी म्हणालो, "एवढी घोडी झालीस, कळत नाही?" ती दप्तर पोटाशी धरून चालत राहिली.

परवा पुन्हा सोनोग्राफी. पाणी पिऊन टम्म झालेली पोर टेबलावर, सूनबाई उशाशी, मी कोपऱ्यात. पडद्यावर आकडा आला, चाळीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आतडं असं ताणलं की मुलांना शी लागलेली कळतच नाही. यात तिचा काही दोष नाही. पण औषध रोज चालू आहे ना?"

मी छताकडे पाहिलं.

"मीच बेसिनमध्ये ओतून द्यायचे," आपली नात म्हणाली.

सूनबाई तिला तिथेच ओरडली. आणि मी, वय वर्षं अडुसष्ट, मूग गिळून उभा राहिलो.

घरी आल्यावर तिला हळूच विचारलं, "का गं खोटं बोललीस?"

"आई तुम्हाला ओरडली असती ना."

विहीणबाई, तोंड दाखवायची सोय उरली नाही म्हणून हे पत्र.

आपला शरमिंदा व्याही

ता. क. खरं काम असं, की आईच्या नात्याने आपण सूनबाईला फोन करून हे सगळं सांगाल का? आपलं ती ऐकते. माझं नाव शक्यतो शेवटी घ्यावं.

आणखी ता. क. फोन करू नये. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात नात आली. म्हणाली, "आजोबा, आई मला ओरडली, ते तिला परत घेता येतं का?" सूनबाई स्वयंपाकघरात आहे. जातो.