मुकुट कुणी उचलायचा

३ नोव्हें., सोम.
परत मेले. दलदलीत, एका बेडकामुळे. आठवडाभर जिवापाड जपलेली माझी वैदूबाई त्या चौकोनी बेडकाने गिळली आणि वर पडद्यावर अक्षरं आली की तुमची आठवण कुणी काढणार नाही. शी. मेलं की मागच्या खाणावळीत जाग येते आणि निम्मं सामान गायब. औषधं गेली, कंदील गेला, राहिला काय तर मेलेला उंदीर. तो म्हणे पुढे कामाला येतो.

काय तो गेम! चार रंग, ठोकळ्यांची माणसं, कानात टाचणी खुपसल्यासारखं पीं पीं संगीत. नकाशा नाही. नवऱ्याला, म्हणजे सु.ला, कामावरच्या कुणीतरी पेनड्राइव्हवर दिला. म्हणाला, "जुन्या गेमसारखा मुद्दाम अवघड बनवलाय." मुद्दाम! जसं काही इथे न मागता मिळणारं अवघड कमी पडतंय.

सोडूनही देता येत नाही. पैज लागलीय.

६ नोव्हें., गुरु.
पैजेचं नीट लिहून ठेवते. सुमेधचा भरवसा नाही, नंतर म्हणेल मी असं बोललोच नव्हतो.

आई, म्हणजे सु.च्या आई, ऑगस्टमध्ये बाथरूममध्ये पडल्या. डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात, लिफ्ट नाही. दूधवाल्याने बेल वाजवून वाजवून शेजारच्या काकूंना बोलावलं म्हणून कळलं. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून आमच्या घरात कुठलंही बोलणं कोथिंबिरीवरून सुरू झालं तरी डोंबिवलीला जाऊन थांबतं. सु. म्हणतो, "जायला पाहिजे यार." मी म्हणते, नाही. माझी रक्त-लघवी तपासायची लॅब ठाण्यात, सकाळी साडेसहाला उघडायचं काम माझ्याकडे. आणि खरं सांगायचं तर लॅब नसती तरी मला जायचं नाही. वर्तकनगरचं हे दीड खोलीचं घर मला आवडतं, इथे मी कुणाची सून नाही. आईंना इकडे आणू म्हटलं तर त्या येत नाहीत. त्यांचा विहार, त्यांच्या बायका, सगळं तिकडे.

दिवाळीच्या सुट्टीत भांडून भांडून दोघंही इतके दमलो की सु. हसत म्हणाला, "जो मुकुट घेईल त्याचं ऐकायचं. फुलस्टॉप." मी म्हटलं, चालेल. दोन पदवीधर माणसं. लाज वाटते लिहिताना.

कॉम्प्युटर एकच, जग एकच, मुकुट एकच. माझी वैदूबाई, त्याचा भालेवाला. तो सकाळी खेळतो, मग शीळफाट्याला गोदामात दुसऱ्या पाळीला जातो. मी लॅबवरून आले की संध्याकाळी. एकेकाने गेममधले सात दिवस खेळायचे, खाणावळीत झोपायचं, मग दुसऱ्याची पाळी. आणि तिसरा एक आहे तो गेमचा स्वतःचा. सोनेरी केसांचा सरदार. त्याने मुकुट घेतला तर आम्ही दोघंही बाद.

त्याला मी सोन्या म्हणते. किळस येते मला त्याची.

९ नोव्हें., रवि.
सोन्या पुलावर भेटला. आधीच पलीकडे पोचलेला. केस उडवून म्हणतो, "पुन्हा उशीर?" आणि पूल पाडून गेला. आमच्या लॅबचे मालक अगदी असेच घड्याळाकडे बघतात.

खालच्या पाण्यातून कशीबशी पलीकडच्या गावात गेले तर वैद्याच्या दुकानात एकही मुळी शिल्लक नाही. हे सोन्याचं काम नाही, तो औषध घेत नाही कधी. हे भालेवाल्याचं. बायको वैदूबाई आहे हे माहीत असून सगळी औषधं उचलली. बरं, मीपण खाणावळीच्या पेटीत सरबताची सुरई ठेवली. आत विष. पेटी सगळ्यांची असते, कुणीही ठेवावं, कुणीही घ्यावं.

१० नोव्हें., सोम.
लॅबमध्ये नाव नोंदवत बसलेले, तेवढ्यात सु.चा फोन.

"प्रज्ञा, सरबतात विष घातलंस?"
"हो."
"अगं, बायको आहेस ना माझी?"
"गेममध्ये नाही."

हसला. मीपण हसले. समोर एक गृहस्थ लोणच्याच्या बरणीत तपासायला नको ते घेऊन उभे होते, वर कैरीचं चित्र तसंच. मला आता महिनाभर लोणचं नको.

१२ नोव्हें., बुध.
आज सु.ची सुट्टी. मी आले तर खिचडी तयार, पापडपण भाजलेला. म्हणजे काहीतरी आहे.

"आईचा फोन आलेला."
"काय म्हणाल्या?"
"काही नाही. कपाट रिकामं केलंय म्हणे एक."
"कुणासाठी?"
"असंच."

हा त्याचा 'असंच' मला सोन्यापेक्षा जास्त डोक्यात जातो. मी म्हटलं, तू त्यांना सांगितलंस का की आपण येतोय? तर म्हणे, "मी कुठे काय सांगितलं?" खरंच आहे. याने आयुष्यात कुणाला काही सांगितलेलं नाही. लग्नाचंसुद्धा घरी मी सांगितलेलं, हा बाजूला उभा राहून चहात बिस्कीट बुडवत होता.

१५ नोव्हें., शनि.
पोचले!! काळ्या किल्ल्याच्या दारापर्यंत. मेलेला उंदीर खरंच कामाला आला, घाटातल्या घुबडाला दिला आणि त्याने वाट सोडली. किती वास मारला असेल ते त्या वैदूबाईलाच माहीत.

दाराला कुलूप आहे. किल्ली सबंध जगात एकच. शेजारी शेवटची खाणावळ. आत बघते तर भालेवाला माझ्या आधीच मुक्कामाला. आणि पेटीत त्याने काहीतरी ठेवलेलं. उघडायचं का विचारतोय गेम. मी काय दूधखुळी आहे? माझ्या विषाची परतफेड असणार. हात लावला नाही. किल्ली शोधायला डोंगरात परत गेले आणि दोनदा मेले.

१८ नोव्हें., मंगळ.
आज जे कळलं त्याने डोकं फिरलंय.

आपली पाळी सुरू झाली की एक दवंडीवाला येतो. ढोल बडवतो आणि मधल्या दिवसांत बाकीच्यांनी काय केलं ते एकेक करून ओरडतो. तो ढोल इतका भिकार वाजतो की मी पहिल्या दिवसापासून बटण दाबून त्याला पळवते. आज नेमका भाजीवाल्याने दरवाजा वाजवला. मेथी घेऊन परत येईपर्यंत दवंडी चालूच.

सोन्या डोंगर चढला. सोन्याने राक्षस मारला. सोन्याने घुबड मारलं (गरीब बिचारं). भालेवाला झोपला. भालेवाला झोपला. भालेवाला झोपला. सातही दिवस झोपला.

मला वाटलं, कामावर दमला असेल, खेळलाच नसेल. पण खेळल्याशिवाय पाळी पुढे जातच नाही. म्हणजे सकाळी उठून, कॉम्प्युटर लावून, याने सात वेळा झोपायचं बटण दाबलं. आणि शनिवारी मी पोचले तेव्हाही तो तिथेच झोपलेला.

मग पेटी उघडली. विष कसलं, आत किल्ली.

१९ नोव्हें., बुध.
लॅबमधून लवकर निघाले. सु.ची सुट्टी, घरीच होता.

विचारलं सरळ. किल्ली तुझ्याकडे होती, दार समोर होतं, उघडलं का नाहीस?
"तुझ्यासाठी ठेवली."
"का?"
"तुला जिंकायचंय ना? मग जिंक ना."
"आणि तुला?"

गॅलरीतल्या कुंडीतली माती उकरत बसला. मग बोलला, तेही कुंडीशी. त्यालाही जायचं नाही डों.ला. एक दिवसही नाही. आईबरोबर राहिलं की तो पुन्हा दहावीतला होतो म्हणे. मग तीन महिने माझ्याशी भांडत काय होतास? तर म्हणे, "मुलगा आहे मी. मी नाही कसं म्हणू?"

"मी जिंकले असते तर आईंना काय सांगणार होतास?"
"हेच, की प्रज्ञाला लॅब लांब पडते."

म्हणजे हे. मुकुट माझ्या डोक्यावर आणि वाईटपणापण माझ्याच डोक्यावर. विहारातल्या बायकांत बोलणं होणार, सून नाही म्हणाली आणि मुलगा बिचारा यायला तयार होता. पैज, खेळ, खिचडी, पापड, सगळं यासाठी. शिसारी आली मला. मोठ्याने म्हटलंही, शिसारी येते तुझी. त्याचं तोंड एवढंसं झालं. त्याचंही वाईट वाटलं आणि त्या वाईट वाटण्याचाही राग आला.

जेवलो नाही कुणीच. मेथी निवडलेली तशीच पडली.

२३ नोव्हें., रवि.
एकटीच डों.ला जाऊन आले. सु.ला सांगितलं नाही. (मलाही येतं न सांगता राहायला.)

आईंनी कपाट दाखवलं. वरचे दोन कप्पे माझे, खाली सु.चा. नवीन कागद अंथरलेले, डांबराच्या गोळ्या. मला भडभडून आलं आणि तेवढ्यातच बोलून टाकलं. आई, मला इथे राहायला यायचं नाही. लॅब वगैरे आहे, पण लॅब नसती तरी नाही. तुमच्यावर राग नाही.

आई पलंगावर बसल्या, गुडघा धरून. मग म्हणाल्या, "बरं झालं तोंडावर बोललीस. मला कुणी हाताखाली पाहिजे असं नाहीये बाळा. पण परत पडले तर कळायला नको कुणाला? त्या दिवशी फरशीवर पडून नळाचं पाणी ऐकत होते नुसतं."

मी म्हटलं, त्याचं काहीतरी करू. दिवसाची बाई बघू, पहिल्या मजल्यावरची खोली बघू. त्या हं हं म्हणत होत्या. मग विचारलं, "सुमेध काय म्हणतो?"

त्याचं उत्तर देणं माझं काम नव्हतं.

"लहानपणी कॅरममध्ये हरायला लागला की झोप आली म्हणायचा," आई म्हणाल्या. "जिंकायला लागला तरी तेच."

निघताना डब्यात बोंबलाची चटणी दिली. जिन्यापर्यंत सोडायला आल्या, नको म्हटलं तरी.

२४ नोव्हें., सोम.
वैदूबाईने किल्ली उचलली. दारापर्यंत गेली. गेम विचारतो, उघडायचं? हो म्हटलं की संपलं, सोन्या अजून घाटात आहे. बोट बटणावर होतं.

मागे फिरले. खाणावळीत गेले आणि सात वेळा झोपायचं बटण दाबलं. किल्ली परत पेटीत. आता ती वैदूबाई आणि तो भालेवाला एकाच खाणावळीत, दोन वेगळ्या खोल्यांत घोरत पडलेत. बाहेर दार, मधे किल्ली. आमच्या घरातही साधारण हेच चाललंय, मी आत, सु. बाहेरच्या दिवाणावर.

मी काही त्याच्यासाठी जिंकणार नाही.

२६ नोव्हें., बुध.
सु.नेही परत झोपच दाबली, आणि सोन्याने मुकुट घेतला. किल्लीबिल्ली काही लागली नाही त्याला, भिंत फोडून आत गेला. मेल्याला तेवढी अक्कल होती. पडद्यावर आमची दोघांची नावं करड्या अक्षरांत, आणि खाली तो केस उडवत, "पुन्हा उशीर?" सु. माझ्या मागे उभा राहून बघत होता. मी आज रजा टाकलेली.

"म्हणजे कुणाचंच नाही," तो म्हणाला. आवाजात सुटल्यासारखं होतं. तो सुटका झाल्याचा आवाज ऐकला आणि माझं ठरलं.

सांगितलं त्याला, मी रविवारी डों.ला गेलेले. आईंना माझं 'नाही' सांगून आले. तुझं सांगितलेलं नाही.
"काय म्हणाली आई?"
"सुमेध काय म्हणतो, असं म्हणाल्या."

मग त्याचाच फोन घेतला, आईंचा नंबर लावला आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो असा धरला की जणू लॅबमधली ती बरणीच. "प्रज्ञा, प्लीज. तू बोल ना, तुला जमतं." मी म्हटलं, मला जमतं म्हणूनच नाही बोलणार. काहीही सांग. येतो म्हण, येत नाही म्हण, मी दोन्हीला तयार आहे. खरंच आहे तयार, आज सकाळपासून आहे, त्याच्या 'असंच'पेक्षा कुठलंही उत्तर बरं. फक्त तुझ्या तोंडून ऐकू दे.

तिकडून आईंचा आवाज आला, "हॅलो? सुमेध? बोल रे."

तो फोन घेऊन गॅलरीत गेला, दार ओढून घेतलं. मी स्वयंपाकघरात येऊन हे लिहितेय. कुकर लावलेला नाही, आवाजात काही ऐकू येणार नाही म्हणून. काचेतून त्याची पाठ दिसते. फोन कानाला आहे. ओठ हलतायत का ते इथून दिसत नाही.