सईच्या चौदा ओळी

९ नोव्हें., रवि.
सई आणि मेधा, मायलेकी बाजारात गेलेल्या, सईचा लॅपटॉप उघडाच. कॉलेजची सी लँग्वेजची असाइनमेंट: तीन आकड्यांतला सगळ्यात मोठा शोधायचा. पोरीने चौदा ओळींचं इफ-एल्स, म्हणजे 'असं असेल तर हे, नाहीतर ते', लिहिलं होतं, चालतही होतं. माझे हात शिवशिवले. कंडिशनल ऑपरेटर वापरून सगळं एका ओळीत बसवलं. प्रश्नचिन्ह, कोलन, आत पुन्हा तेच. ऑफिसात दिवसभर कोड लिहितो, तिथलीच खोड, दुसरं काय. आल्यावर दाखवलं. "वॉव बाबा." तिने तेच सबमिट केलं. मी जाम खूश.

११, मंगळ.
लॅबमध्ये सरांनी विचारलं, कंडिशन खरी असेल तर कोलननंतरचं चालेल का? सई म्हणाली, दोन्ही चालतात. साफ चूक. "फिर ये लिखा किसने?" सगळ्यांसमोर. फाइलवर 'कॉपी' शेरा, सोमवारी पुन्हा व्हायवा, म्हणजे तोंडी. मला हे मेधाकडून कळलं, सईने सांगितलंच नाही.

१२, बुध.
सरांना फोन करून सांगतो म्हटलं, मीच लिहिलं. सई उसळली. "बिल्कुल नको. सगळे म्हणतील, पापा से करवाती है." लगेच मानलं मी. सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते लिहायला.

१५, शनि.
शिकवायला बसलो. आधी अट. खरी ठरली तर कोलनच्या आधीचं, खोटी तर नंतरचं, दुसऱ्याला हातही लागत नाही. पोळ्या उरल्या असतील तर फोडणीची पोळी, नाहीतर भात; दोन्ही कोण करतं? हसली जरा. मग म्हणाली, "माझ्या इफ-एल्समध्ये काय खराब होतं?"
"काहीच नाही."
"मग बदललं कशाला?"
चल, पुढचं बघू, म्हटलं. बदललं ते मला आवडतं म्हणून.

१७, सोम.
व्हायवा झाली. सगळं बरोबर सांगितलं तिने. शेवटी सर: "तुमने ही लिखा है ना?" सई: "जी सर." शेरा खोडला. मेधाने शिरा केला. मी वाटी बाजूला सारली. पोरगी माझ्यापायी खोटं बोलली, आणि ऐकून मला आधी बरंच वाटलं.

१९, बुध.
ऑफिसातून आलो तर सईने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. नवी असाइनमेंट. फाइल कोरी.
"तूच लिही ना बाबा. मला समजव, व्हायवात मी बोलून टाकीन."
"तू आधी लिही, मग बघू."
"यार, माझं ते इफ-एल्स किती लांब होतं."
पाणी प्यायला म्हणून आत येऊन हे लिहितोय. ती बाहेर बसली आहे. अजून एक अक्षर टाइप केल्याचा आवाज नाही.