सुटी न मिळणारी स्प्रिंग

अण्णा,

गेल्या मंगळवारी माझ्या मुलाच्या गाडीच्या मागच्या दाराची काच खाली सरकून अडकली. आतला नखाएवढा प्लास्टिकचा आकडा मोडला होता. शोरूममधल्या मुलाने काँप्युटरवर बघून सांगितलं, "मॅडम, हा सुटा येत नाही. मोटरसकट अख्खी असेंब्ली घ्यावी लागेल." माझा मुलगा वाद घालायला लागला, तर मीच त्याला म्हटलं, घेऊन टाक. बाहेर आल्यावर तो हसून म्हणाला, "आजोबा असते तर तुला घराबाहेर काढलं असतं." त्याला वाटलं मी हसेन. त्याने तुम्हाला पाहिलेलंही नाही, माझ्याकडून ऐकलंय तेवढंच. आणि मी त्याला तुमच्याबद्दल सगळं सांगितलं आहे, एक सोडून.

सोलापुरात सात रस्त्याजवळची ती पत्र्याची शेड आता नाही. पण डोळे मिटले की मी तिथेच असते. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झालीत. तुम्ही मिलच्या वर्कशॉपमधली नोकरी सोडून लोखंड कातायचा स्वतःचा जुना लेथ टाकलाय. आई नाही. मी मॅट्रिक होऊन घरी बसलेय, आणि तुमची जवळची नजर कमी झालीय म्हणून मापं घ्यायला रोज शेडवर येते. एकवीस वर्षांची मुलगी लोखंडाच्या कामात कशाला, असं लोक बोलायचे. तुम्ही म्हणायचात, "तिच्या हाताला माप कळतं. तुमच्या पोरांच्या हाताला कळत असंल तर धाडा."

तेव्हा गाड्या होत्या त्या डॉक्टरांकडे, वकिलांकडे आणि भाडी मारणाऱ्या ड्रायव्हरांकडे. वायपरचं एवढंसं बुश झिजलं की पुण्याचा दुकानदार सांगायचा, सुटं मिळत नाही, पूर्ण सेट घ्या. सेट परवडायचा नाही, म्हणून माणसं तुमच्याकडे यायची. तुम्ही तो मोडका तुकडा तळहातावर घेऊन बराच वेळ नुसता बघायचात. "सुटा मिळत न्हाय म्हणत्यात. पण कारखान्यात कुणीतरी तो सुटाच बनवला असंल की. मग जोडला." हे इतक्या साधेपणाने म्हणायचात, की समोरच्याला आपला तुकडा अर्धा झालाच असं वाटायचं. मग आपण दोघं विजापूर वेशीतल्या भंगाराच्या दुकानांतून फिरायचो. सोलापुरात बंद पडलेल्या मागांना तोटा नव्हता. मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याच्या तुकड्यातून तुम्ही वायपरचं बुश काढलंत. शिलाई मशीनच्या दांडीतून डॉक्टरांच्या दाराची पिन काढलीत. त्या दिवसांत मला वाटायचं, जगातली कुठलीही मोडलेली गोष्ट शेवटी विजापूर वेशीत सापडते.

स्प्रिंगच्या बाबतीत मात्र तुमचा एक नियम होता. जुन्या मागाची स्प्रिंग कापून लहान करायची, तर टोकाला नवा आकडा वळवावा लागतो, आणि वळवायचा तर तापवावा लागतो. "तापवलं की पोलाद त्या जागी रुसतं," असं तुम्ही सांगायचात. ते रुसलंय की नाही ते नुसतं बघून कळत नाही. म्हणून फळीवरच्या खिळ्याला स्प्रिंग अडकवायची, हाताने पाचशे वेळा ओढायची आणि मग भिंगाखाली आकडा तपासायचा. हे काम तुम्ही मला दिलं होतं. पाचशे म्हणजे पाचशे.

मोहोळचा तो ड्रायव्हर तुम्हाला आठवत असेलच. उंच, किडकिडीत. भाड्याची काळी गाडी चालवायचा, आणि शेडमध्ये येताना देवळात आल्यासारख्या चपला बाहेर काढायचा. पेडलवरून पाय उचलल्यावर इंजिनाचा वेग खाली आणणारी कार्ब्युरेटरवरची स्प्रिंग तुटली होती. दुकानदाराने त्याला सांगितलं होतं, स्प्रिंग सुटी येत नाही, कार्ब्युरेटरच बदला. ट्यूबच्या रबराची पट्टी बांधून त्याने गाडी कशीबशी आपल्यापर्यंत आणली होती.

"अण्णा, सांजच्या आत माळशिरसला पोचायचं हाय. लग्नाची माणसं आणायचीत. तेवढं बघा की."

"बघतो. पर घाई करायची न्हाय," तुम्ही म्हणालात.

भंगारातली स्प्रिंग शेडमध्येच होती. तुम्ही ती कापलीत, टोक तापवून आकडा वळवलात, थंड झाल्यावर माझ्या हातात दिलीत आणि लेथवर दुसरं काम लावलंत. मी खिळ्याला अडकवून ओढायला लागले. ड्रायव्हर उंबऱ्याशी उकिडवा बसला होता. त्याच्या मुलीबद्दल सांगत होता. सहा महिन्यांची होती, नुकती पालथी पडायला लागली होती. मधेच उठून उन्हाकडे बघायचा, परत बसायचा. म्हणाला, "ताई, लई येळ लागंल का?" मी म्हटलं, नाही.

अण्णा, मी चाळीस वेळा ओढली. मग थांबले. बोट दुखत होतं, हे खरं आहे. त्याची घाई मला बघवत नव्हती, हेही खरं आहे. पण त्याहून खरं हे, की आजवर माझ्या हातात एकही स्प्रिंग मोडली नव्हती, आणि पाचशेचा तुमचा नियम मला म्हाताऱ्या माणसाचा हट्ट वाटायला लागला होता. थोडा वेळ मी नुसती फळीजवळ उभी राहिले. तुम्ही लेथवरून मान न वळवता विचारलंत, "झाली का पाचशे?"

मी म्हटलं, "झाली."

"भिंगाखाली बघितलीस?"

"बघितली."

तुम्ही ती स्वतः गाडीला लावलीत. इंजिनाचा आवाज चढवून उतरवून बघितलात. छान उतरत होता. ड्रायव्हरने तुमच्या पायाला हात लावला, मला हात जोडले, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टँडवरचा एक ड्रायव्हर आला. दारातच उभा राहून म्हणाला, "अण्णा, ती काळी गाडी. लांबोटीच्या म्होरं सीनेचा पूल हाय न्हवं, तितं कठड्याला. एकटाच हुता. जाग्यावर गेला." पुढे ट्रक उभा होता, आणि याची गाडी हळू झालीच नाही, असं बघणाऱ्यांनी सांगितलं. तुम्ही लेथ बंद केलात. माझ्याकडे बघितलं नाहीत. टोपी घातलीत आणि एसटीने मोहोळला गेलात.

दिवस मावळायच्या सुमाराला परत आलात. मोरीत बसून हात धूत राहिलात, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा. मी टॉवेल घेऊन मागे उभी होते. मी काही विचारलं नव्हतं. तुम्हीच म्हणालात, "स्प्रिंग शाबूत हाय. मी बघून आलो. त्याला डुलकी लागली असणार." मग भाकरी मागितलीत. मी वाढली. त्या रात्री मला झोप लागली, अण्णा. त्याची मला अजून लाज वाटते.

त्यानंतर तुम्ही स्प्रिंग ओढायला मला दिली नाहीत. कधीच. स्वतः फळीपुढे बसायचात आणि मोठ्याने मोजायचात. मी मापं घेत राहिले. महिन्यातून एकदा तुम्ही "मोहोळला भंगार बघून येतो" म्हणून जायचात, आणि येताना रिकाम्या हाताने यायचात. मी विचारलं नाही. विचारायची गरज पडू नये म्हणून मी स्वतःला इतकी कामं लावून घेतली, की पुढे लग्न होऊन पुण्याला जाताना सुटल्यासारखंच वाटलं.

तुम्ही गेल्यावर अकराव्या दिवशी ती आली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. बरोबर दहा-अकरा वर्षांची मुलगी होती, उंच, किडकिडीत. ती बाई म्हणाली, मी मोहोळची, पिठाची चक्की चालवते. चक्की तुम्ही जुन्या सामानातून उभी करून दिली होती. पट्टा तुटो, बेअरिंग जावो, तुम्ही येऊन नीट करून जायचात. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "ताई, तुमच्या अण्णांनी मला पयल्याच दिवशी सांगितलं हुतं. गाडीतली मोडकी स्प्रिंग हातात घेऊन आले हुते. म्हणाले, बाई, हे माझ्या हातनं झालंय, मी तपासली न्हाय. मी लई बोलले त्यांना. दोन वर्सं पाणी दिलं न्हाय. तरी यायचे. मग म्हटलं, माणसाकडनं चूक हुती. मी कवाच माफ केलं त्यांना. हेच सांगाया आले, वर जाताना त्यांच्या जिवाला घोर नको."

म्हणजे मोरीवर हात धुताना तुमच्या खिशात ते दोन तुकडे होते. मोडलेला आकडा बघितल्याबरोबर तुम्हाला कळलं असणार, की पाचशे सोडा, शंभरही झाले नव्हते. तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. त्या बाईचे शब्द मात्र ऐकून घेतलेत, दोन वर्षं, तिच्या अंगणात उभं राहून, माझ्या वाट्याचे. मला वाचवलंत असं तुम्हाला वाटलं असेल. खरं सांगू? तुम्ही मला मारलं असतंत तर बरं झालं असतं. अजून रस्त्यावर एखाद्या गाडीचा आवाज चढतो आणि लवकर उतरत नाही, तेव्हा माझा उजवा पाय जमिनीवरून आपोआप उचलला जातो. भाजी चिरताना मधेच लक्षात येतं, की मी मोजते आहे, आणि एकपासून नाही, एकेचाळीसपासून. पाचशेपर्यंत कधी पोचत नाही. कुणीतरी हाक मारतं.

त्या दिवशी ती माझ्यासमोर तासभर बसली होती. मुलगी तुमच्या लेथवरून हात फिरवत होती. तोंड उघडायला मला तो एक तास होता, आणि मी उठून चहा ठेवला. ती तुम्हाला माफ करून निघून गेली. मी तिला एसटीपर्यंत सोडून आले.

हे पत्र तुम्हाला लिहायचं नव्हतंच, अण्णा. ती अजून आहे. चक्की आता तिची मुलगी बघते. पत्ता माझ्याकडे आहे. काल मी कागद घेऊन बसले तेव्हा वर तिलाच लिहिलं होतं. मग ते खोडलं आणि तुमचं नाव घातलं, कारण तुम्ही उत्तर देणार नाही.