कोलोफॉनचं पान

दि. १७ नोव्हेंबर

तीर्थरूप दादा,

दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे सगळे बरे. हिचा गुडघा कुरकुरतो, पण जीभ ठणठणीत आहे. वहिनींना माझा नमस्कार सांग.

छापखान्यातली एक हकिगत कळवतो. एका लेखिकाबाईंचं पुस्तक हाताने शिशाचे अक्षरखिळे जुळवून छापायचं काम आलं. हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावर 'कोलोफॉन' एवढंच लिहिलेलं, खाली कोरं. मला वाटलं, काही लिहायचं राहून गेलं असेल. ते पान मी सोडून दिलं. बाईंनी मुद्रितं तपासली आणि लाल पेन्सिलीने विचारलं, "कोलोफॉन कुठाय?"

मालक म्हणाले, "हा शब्द माझ्या वडिलांना ठाऊक नव्हता, तरी छापखाना चालला."

मला राहवेना. वाचनालयात जाऊन जाडा इंग्रजी कोश काढला. आपलं इंग्रजी तुला माहीतच आहे. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचण्यात अर्धा दिवस गेला. शब्द मूळचा ग्रीक. अर्थ शिखर, किंवा कामावरून फिरवलेला शेवटचा हात. पुस्तक संपलं की जुने मुद्रक शेवटी लिहीत, हे कुठे छापलं, कधी, कोणी. त्या मजकुराचं हे नाव. म्हणजे दादा, आपल्यासारख्यांची जागा पुस्तकात ठरलेली आहे, आणि तिला शिखर म्हणतात. तिथेच कोशाला हात जोडले.

बाई म्हणाल्या, "ते पान तुमचंच. कोणी जुळवलं, कोणाकडून शिकलात, लिहा."

मी तुझं नाव जुळवलं. मालकांनी पाहिलं. "याचं नाव माझ्या छापखान्यात छापायचं नाही. आठ पानांची जुळणी मातीत घातली होती त्याने."

आता बावीस वर्षं टाळलं ते लिहितो. ती जुळणी तुझ्या हातून पडली नव्हती. जुळवलेल्या खिळ्यांभोवतीची दोरी मी सैल बांधली, जुळणी उचललीही मीच, आणि खिळे फरशीभर पसरले. तू म्हणालास, "माझ्याकडून झालं." माझं लग्न ठरलं होतं. नोकरी तुझी गेली आणि मी खाली बसून खिळे वेचत राहिलो. देवापुढे रोज उभा राहायचो; तेवढं सोडून सगळं बोलायचो.

हे मालकांना सांगितलं, सगळ्या कामगारांसमोर. यंत्रवाल्याने यंत्र थांबवलं. मालक बराच वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "बावीस वर्षं गप्प बसलास, गाढवा. जुळव. त्याचं नाव वर घे, तुझं खाली."

काल छापलं. शाई ओली असतानाच सगळे येऊन पाहून गेले. यंत्रवाला म्हणाला, "मोठ्या भावाचं नाव काय ठसठशीत उठलंय."

पुस्तक सोबत पाठवतोय. मागून उघड. मग किती रागवायचं ते ठरव. ऐकायला मी रविवारी स्वतः येतोय.

तुझ्या नावाखाली छापलेला,
तुझा धाकटा