खंडेनवमीचं पाणी

काष्टी, ४ ऑक्टोबर २०२५

चि. वाल्मिक यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर बोललं की सासूबाईंना ऐकू जातं, म्हणून तुझ्याकडे दुरुस्तीला धाडते आहे त्या कॉम्प्युटरच्या खोक्यातच हे पत्र ठेवते आहे. खंडेनवमीला त्यांनी नांगर-विळ्यांबरोबर ह्यांचा कॉम्प्युटरही पूजेला मांडला. गेलेल्या लेकाचं हत्यार म्हणून फुलाने पाणी शिंपडलं, अक्षता वाहिल्या. संध्याकाळी मी बटण दाबलं, तर फट्‌कन आवाज आणि धूर!

त्यात आमच्या लेकीच्या, संस्कृतीच्या, बारशाचं शूटिंग आहे, तुला ठाऊकच आहे. हे गेल्यापासून ह्यांचा आवाज तेवढ्याच ठिकाणी उरलाय. पोर बापाला ओळखते ती त्या आवाजावरूनच. नवरात्राआधी घर झाडून-धुऊन दसरा काढताना मी टेबल ओढलं, तेव्हा कॉम्प्युटरचा डबा चालूच होता, तो आपटला. तेव्हापासून आत टिकटिक व्हायची, तरी चालत होता. ह्या पाण्याने मात्र घात केला. मी सासूबाईंशी बोलणं टाकलंय. त्या धड जेवत नाहीत, आणि मला दयाही येत नाही. काहीतरी कर रे बाबा.

तुझ्या भरवशावर असलेली,
धनश्रीताई

श्रीरामपूर, १२ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खोकं पोचलं. डब्यातून अक्षता निघाल्या. माझ्या दुकानात गिऱ्हाइकांच्या डब्यांतून झुरळं निघतात, पाली निघतात; प्रसाद पहिल्यांदाच निघाला. पण थट्टा पुरे.

पाण्याने फक्त पॉवर सप्लाय जळला, तो मी बदलला. शूटिंग असतं त्या हार्ड डिस्कपर्यंत पाणी गेलंच नव्हतं. ती दुसऱ्या मशीनला लावली, तर नुसती टिकटिकत राहिली. मग स्वतः पुण्याला ओळखीच्या माणसाकडे घेऊन गेलो. त्याने उघडून दाखवली. आतल्या तबकडीवर चरे पडलेत. डिस्क फिरत असताना धक्का बसला की असं होतं, आणि पुढे रोज थोडी थोडी खरवडत जाते. टिकटिक त्याचीच. ताई, शूटिंग परत मिळणार नाही. गिऱ्हाइकांना हे सांगायची सवय आहे, तुला लिहिताना तीन कागद फाडले.

धक्का कधीचा, ते तूच लिहिलं आहेस. मला सगळं पाण्यावर ढकलता आलं असतं, पण तिकडे एक म्हातारी उपाशी बसली आहे.

रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.
तुझा वाल्मिक

काष्टी, १६ ऑक्टोबर

चि. वाल्मिक यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून खूप रडले. मग ते सासूबाईंना वाचून दाखवलं आणि त्यांच्या पाया पडले.  त्यांनी उठून भाकरी थापल्या, पहिली मला वाढली, दुसरी स्वतः घेऊन बसल्या.

आज शेजारच्या मुक्ताबाई करंज्या करू लागायला आल्या होत्या. कॉम्प्युटर कशाने बिघडला म्हणून विचारत होत्या. मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी सांगून टाकलं, की माझ्याच हातनं पानी पडलं, लई येडी हाय मी. मुक्ताबाई त्यांना नाही नाही ते बोलल्या. त्या करंज्या भरत राहिल्या.

मुक्ताबाई गेल्यावर मी सासूबाईंना विचारलं, असं का सांगितलंत. तर म्हणाल्या, पोरगी उद्या मोठी हुईल, बापाचा आवाज कुठं गेला म्हणून इचारंल. आजीवर रागावली तर आजी किती दिसाची हाय? आईवर रागावून तिनं जायचं कुठं?

दिवाळीला ये. तुझ्यावरचा लोभ होता तसाच आहे.
धनश्री